तिथीची पाऊणपट आणि पुस्तकातला क्यूआर कोड

सातवीच्या भूगोलात भरती-ओहोटीचा धडा आहे. आमच्याकडे तो ऐन पावसात येतो. गेल्या वर्षी तो शिकवायला उभी राहिले आणि पुस्तकातल्या क्यूआर कोडवर मोबाईल धरला. पडद्यावर चाक फिरायला लागलं आणि फिरतच राहिलं. देवगड तालुक्यात खाडीकाठच्या एका जिल्हा परिषद शाळेत मी शिकवते. मे २०२१ च्या तौक्ते वादळात आमच्या छपराची कौलं गेली आणि त्यांच्या जागी पत्रे आले. तेव्हापासून पावसाची एक जोरदार सर आली की माझाच आवाज मला ऐकू येत नाही, मोबाईलच्या चिमुकल्या स्पीकरचा कुठून यायला! मोबाईल टेबलावर उपडा ठेवला आणि ओरडूनच विचारलं, "आज भरती किती वाजता?"

मागच्या बाकावर एक मुलगा बसतो. सातचा पाढा म्हणायला सांगितला की तो खिडकीबाहेर बघतो. तो बसल्या जागेवरून म्हणाला, "बाईनू, आज चवथ. म्हणजे तीनाक."

तिथीची पाऊणपट. चतुर्थीला चारची पाऊणपट तीन, म्हणून पूर्ण भरती तीनच्या सुमारास. अष्टमीला आठची पाऊणपट सहा. कोकण किनाऱ्यावर होडी लोटणाऱ्या घरात हा हिशोब आजोबाकडून नातवाकडे तोंडी जातो. चंद्र रोज पाऊण तासाच्या आगेमागे उशिरा उगवतो, त्यामुळे भरतीही रोज तेवढी पुढे सरकते, इतकं साधं त्याचं मूळ. पूर्वी शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी हे अपूर्णांकांचे पाढे घोकून घेत. आम्ही ती अभ्यासक्रमातून काढली, खाडीने ठेवली.

दुसऱ्या दिवशी उघडीप होती आणि रेंजही होती. तोच व्हिडिओ लागला. मधे पृथ्वी, बाजूला चंद्र आणि समुद्राचे दोन फुगवटे, एक चंद्राच्या दिशेला आणि एक बरोबर पाठीमागे. मुलगा पडद्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "चंद्र थयसून ओढता, तर पाठच्या बाजूक पाणी कित्याक फुगता?"

त्याच्या आजोबांनी पन्नास वर्षं रोज दोन भरत्या पाहिल्या असतील, पण हा प्रश्न जेटीवर उभं राहून पडत नाही. तो पडायला पृथ्वीच्या बाहेर जाऊन उभं राहावं लागतं. यंत्राने मुलाला तिथे नेऊन उभं केलं. आणि आदल्या दिवशी ते चाक फिरत राहिलं नसतं, तर मी व्हिडिओ लावून मोकळी झाले असते आणि पाऊणपट वर्गात आलीच नसती, हेही तितकंच खरं.

हे एवढं लांबण लावून सांगायचं कारण एक वाक्य आहे. मध्यंतरी एका शिक्षण परिषदेत पडद्यावर ठळक अक्षरांत झळकलं: "तंत्रज्ञान आलं आहे, आता शिक्षकांची मानसिकता बदलायला हवी." खाली शिक्षक डुलक्या घेत होते, हे वेगळं सांगायला नको. हे वाक्य मी वेगवेगळ्या साहेबांच्या तोंडून वीस वर्षं ऐकते आहे. यंत्रं बदलली, वाक्य तेच राहिलं. त्यात गृहीत धरलेलं असतं की गुरुजींच्या डोक्यात एक जुनाट समजूत बसली आहे, ती काढली की वर्ग आपोआप आधुनिक होईल. मला वाटतं, शिक्षकाची तंत्रज्ञानाबद्दलची समजूत ही बहुतेक वेळा त्याच्या अनुभवातून निघालेली चोख समजूत असते. ती बदलायची असेल तर आधी अनुभव बदलावा लागेल.

या विषयावर जगात बराच अभ्यास झाला आहे. पेगी अर्टमर या अमेरिकी संशोधक बाईंनी १९९९ मध्ये वर्गातल्या तंत्रज्ञानापुढच्या अडथळ्यांचे दोन थर मांडले. पहिल्या थरात बाहेरचे अडथळे: यंत्र नाही, वेळ नाही, प्रशिक्षण नाही, मदतीला माणूस नाही. दुसऱ्या थरात आतले: शिकवणं म्हणजे काय, मूल कसं शिकतं, याबद्दल शिक्षकाच्या मनात रुजलेल्या धारणा. पुढे २००५ मध्ये त्यांनी असंही लिहिलं की बाहेरचे अडथळे हळूहळू सरतील आणि शेवटची झुंज धारणांशीच असेल. आमच्या परिषदांमधलं "मानसिकता" हे याच विचाराचं पातळ ताक.

अर्टमरबाईंची मांडणी मला पटते, पण किनाऱ्यावर ते दोन थर वेगळे राहत नाहीत. बाहेरचा अडथळा दहा वर्षं रोज भेटला की त्याची आतली धारणा होते. जूनमध्ये आगोट लागली की वारा-पावसात लाईट जाते, वायरमन येईपर्यंत कधी दिवस जातो, कधी दोन. खाऱ्या हवेने स्क्रू गंजतात, प्रोजेक्टरच्या काचेवर बुरशी धरते, इन्व्हर्टरची बॅटरी दुसरा पावसाळा बघत नाही. अशा ठिकाणी ज्या बाई म्हणतात, "माझा तास मी खडूवरच बेतते, टीव्ही चालला तर चालला," त्यांच्या मानसिकतेत नेमकी कसली सुधारणा करायची? आमच्याकडे माणसं पावसाआधी लाकडं भरून ठेवतात. त्याला कोणी गॅसविरोधी मानसिकता म्हणत नाही.

पण वीज आणि रेंज ही तक्रार आता जुनी झाली, आणि हळूहळू कमीही होते आहे. त्याहून खोल गोष्ट निराळी आहे. तंत्रज्ञान शाळेत आलं कोणत्या दारातून?

माझ्या पिढीच्या शिक्षकाला संगणक पहिल्यांदा भेटला तो अट म्हणून. एमएस-सीआयटी ही संगणकाची परीक्षा ३१ डिसेंबर २००७ पर्यंत उत्तीर्ण व्हा, नाहीतर वेतनवाढ रोखली जाईल. मुदतीत न झालेल्यांच्या मागे वसुली लागली आणि ते प्रकरण पुढे वर्षानुवर्षं चाललं. ज्या गुरुजींनी तोवर माऊसला हात लावला नव्हता, त्यांच्यासाठी संगणक म्हणजे पगारातून कापली जाणारी रक्कम. मग २०१५ मध्ये शाळेची आणि मुलांची माहिती ऑनलाइन भरायची सरल प्रणाली आली. त्यानंतर यू-डायस, आधार जुळवणी, पोषण आहाराची रोजची नोंद, ऑनलाइन बदल्या, ऑनलाइन हजेरी. २०१६ च्या अखेरीस तर मुलांसोबत सेल्फी काढून तो अपलोड करण्याचा आदेश निघाला होता. दहा-दहा मुलांचा घोळका करून गुरुजींनी हात लांब करून फोटो काढायचा, म्हणजे मुलं शाळेत येतील! शिक्षकांनी ओरड केली आणि तो गुंडाळावा लागला. आदेश गेला, फोटो मात्र राहिला. आज वृक्षारोपण झालं, फोटो. पालकसभा, फोटो. हात धुतले, फोटो, आणि तोही जिओ टॅग केलेला, म्हणजे हात कोणत्या अक्षांश-रेखांशावर धुतले तेही कळावं.

म्हणजे शिक्षकाच्या आयुष्यात यंत्र आलं ते आधी मोजायला आणि पहारा द्यायला. शिकवण्याचं साधन म्हणून त्याची ओळख करून दिली ती मागाहून, आणि तीही त्याच माणसांनी. ज्या हातांनी रात्री साडेनऊला "माहिती तात्काळ भरावी, अन्यथा" असा संदेश येतो, त्याच हातांनी दुसऱ्या दिवशी "तंत्रज्ञानाने अध्ययन आनंददायी करा" हे परिपत्रक येतं. मग गुरुजींच्या मनात दोघांची गाठ पडली तर नवल काय? माझ्या एका सहकाऱ्याने हे एका वाक्यात सांगितलं होतं: "मोबाईल हातात घेतला की मला वाटतं, मी आत्ता काहीतरी भरायला विसरलोय." ही माझ्या मते आजच्या शिक्षकाची तंत्रज्ञानाबद्दलची खरी धारणा. ती कुठल्याही प्रश्नावलीत सापडत नाही, कारण प्रश्नावलीसुद्धा लिंकवरूनच येते आणि सायंकाळी पाचपर्यंत भरायची असते.

याचा परिणाम वर्गात कसा दिसतो? आमच्याच शाळेत घडलेली गोष्ट सांगते, नाव शाळेचं सांगत नाही. एका पोर्टलवर मुलांची माहिती भरायची शेवटची तारीख होती. सर्व्हर रात्री चालत नव्हता, दिवसा अधूनमधून चालत होता. दोन शिक्षक आणि सगळे वर्ग. आम्ही काय केलं? मुलांना टीव्हीपुढे बसवलं, कवितांचे व्हिडिओ लावले आणि दोघं जण ऑफिसात मोबाईलला मोबाईल जोडून माहिती भरत बसलो. त्या दिवशी कोणी अधिकारी येता तर त्याला डिजिटल वर्ग दिसला असता. तल्लीन मुलं, मोठा पडदा, फोटोला उत्तम. मुलांपैकी कुणी एक शब्दही बोलत नव्हतं. एका यंत्राचं पोट भरता यावं म्हणून दुसरं यंत्र मुलांना सांभाळत होतं.

टीव्हीचीही एक गोष्ट आहे. तो मुंबईच्या एका कंपनीने दिलेला, वाडीतल्या एका चाकरमान्याच्या ओळखीने. नारळ फोडला, फोटो छापून आला. पहिलं वर्षभर तो ऑफिसात होता, वर क्रोशाचं झाकण. नवे साहेब आले आणि त्यांनी विचारलं, वर्गात का नाही? आमचे मुख्याध्यापक गप्प राहिले, कारण उत्तर होतं डेडस्टॉक रजिस्टरमध्ये. वस्तू एकदा रजिस्टरला चढली की ती फुटली, हरवली, बिघडली तर जबाबदार मुख्याध्यापक. दुरुस्तीला पैसे नाहीत, निर्लेखनाला, म्हणजे मोडकी वस्तू नोंदीतून काढायला, समिती लागते, आणि सादिलच्या म्हणजे किरकोळ खर्चाच्या रकमेत विजेचं बिल भागलं तरी पुष्कळ. १९८७ पासून ऑपरेशन ब्लॅकबोर्ड म्हणजे खडू-फळा योजना राबवली, तेव्हाही विज्ञानपेटी आणि गणितपेटी हेच आयुष्य जगल्या. माझ्या पहिल्या शाळेत ती पेटी कुलपात होती आणि तिच्यातलं भिंग मी कुणाला न सांगता काढून मुलांना दिलं होतं. काच फुटली असती तर माझा पगार होता. त्यामुळे "वस्तू वापरण्यापेक्षा जपावी" ही धारणा गुरुजींच्या स्वभावात शोधू नका, ती रजिस्टरच्या रकान्यात छापलेली आहे.

इथे मला उलट बाजूनेही बोललं पाहिजे, नाहीतर हा लेख शिक्षक संघटनेचं निवेदन होईल.

आम्ही शिक्षक स्वतःला जितके निरागस समजतो तितके नाही. डॅन लॉर्टी नावाच्या समाजशास्त्रज्ञाने १९७५ मध्येच सांगून ठेवलं की शिक्षक शिकवायला शिकतो ते प्रशिक्षण विद्यालयात जाण्याआधी, स्वतः विद्यार्थी म्हणून हजारो तास वर्गात बसून. डी.एड.ला आम्ही फ्लॅनेल बोर्ड केले, रंगीत तक्ते केले, पाठ टाचणं काढली. पण नोकरीच्या पहिल्या दिवशी घाबरून वर्गात शिरले तेव्हा माझ्या तोंडून जो आवाज निघाला तो माझ्या चौथीच्या बाईंचा होता. मी सांगणार, तुम्ही ऐकणार, मग मी विचारणार. हा साचा इतका पक्का असतो की त्यात कोणतंही यंत्र ओता, ते त्याच आकाराचं होतं. स्मार्ट बोर्ड आला की तो महागडा फळा होतो. टॅब आला की वही होतो. व्हिडिओ म्हणजे न थकणारा गुरुजी. "अमूक शाळा शंभर टक्के डिजिटल" असे फलक मी पाहिले आहेत. आत गेलं की पडद्यावर बेरीज आणि मुलं एका सुरात उत्तर म्हणताहेत. त्यापेक्षा चिंचोके बरे, निदान हातात तरी येतात.

आणि एक तिसरी धारणा आहे, जिच्याबद्दल कोणी बोलत नाही. पट टिकवण्यासाठी टीव्ही. सकाळी पिवळी व्हॅन येते आणि वाडीतली निम्मी मुलं इंग्रजी माध्यमाला घेऊन जाते. २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून त्यांची समूहशाळा करण्याची चर्चा निघाली, तेव्हा राज्यात अशा शाळा जवळपास १५ हजार निघाल्या. डोंगरउतारावर पसरलेल्या आमच्या वाड्यांमध्ये वीसचा पट ही मोठी शाळा. मग शाळा वाचवायची म्हणून लोकवर्गणी काढून पडदा लावायचा, पालकांना दाखवायचा. इथे शिक्षकाचा तंत्रज्ञानावर विश्वास आहे, आणि भरपूर आहे, पण तो पाटी म्हणून. मुलाला त्यातून काय येईल हा प्रश्न त्या घाईत कोणी विचारत नाही, मीही विचारला नव्हता.

यंत्र वाटलं की शिक्षण होतं, हा भाबडेपणा मात्र एकट्या शिक्षकांचा नाही. आपल्या कोकणातच त्याचा एक धडा आहे. कर्जत तालुक्यातल्या खैरात या गावी एकशिक्षकी शाळा. २००७ मध्ये "प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप" या जागतिक मोहिमेचा भारतातला पहिला प्रयोग तिथे झाला. पांढरे-हिरवे, मुठीने धरता येतील असे छोटे लॅपटॉप पहिलीपासूनच्या मुलांच्या हातात आले. मुलं पटापट शिकली, त्यात शंका नाही. मुलं यंत्राला घाबरतात हे मोठ्यांनी पसरवलेलं खोटं आहे. पण तो प्रयोग काही राज्यभर गेला नाही. याच मोहिमेत दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशाने आठ लाखांवर लॅपटॉप वाटले, आणि २०१२ मध्ये त्याचं मूल्यमापन पुढे आलं तेव्हा भाषा आणि गणितात लॅपटॉपवाल्या शाळा इतरांच्या पुढे नव्हत्या. मोहिमेच्या मागे एक धारणाच होती: यंत्र आणि मूल यांच्या मधला शिक्षक हा अडथळा आहे, त्याला वळसा घालावा. वळसा घातला, आणि मुक्कामाला कोणी पोचलं नाही.

याच्या उलट टोकाला आपल्याच राज्यातलं उदाहरण आहे. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले रणजितसिंह डिसले यांना २०२० चा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड आणण्याच्या कामासाठी. दहा लाख डॉलरच्या रकमेतली निम्मी त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांत वाटली, त्याचंही कौतुक झालं. मला त्यातली वेगळी गोष्ट महत्त्वाची वाटते. तो चौकोनी ठिपक्यांचा छाप मंत्रालयातून शाळेत आला नाही, शाळेतून वर गेला. एका शिक्षकाला आपल्या वर्गात एक अडचण दिसली आणि त्याने एक साधन उचललं. पुढे तोच छाप सगळ्या पाठ्यपुस्तकांत आला, केंद्राचं ऑनलाइन धड्यांचं दीक्षा व्यासपीठही २०१७ पासून होतंच. पण बाकीच्या लाखो शिक्षकांपर्यंत तो पोचला तेव्हा निर्णय होऊन गेलेला होता. त्यांच्या वाट्याला आला फक्त वापर, आणि "किती शिक्षकांनी किती वेळा स्कॅन केलं" याची आकडेवारी. साधन तेच. एकाचं ते स्वतःचं होतं, बाकीच्यांचं सरकारी.

कोविडमध्ये हे सगळं उघडं पडलं. मार्च २०२० ला शाळा बंद झाल्या. ३ जूनला निसर्ग वादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्याला लागलं आणि रायगड आणि उत्तर रत्नागिरीत विजेचे खांब आडवे झाले. तिकडे गावंच्या गावं अंधारात असताना राज्यभर "ऑनलाइन शिक्षण सुरू" अशा बातम्या येत होत्या. आमच्याकडे काय झालं? मुलं रेंजसाठी सड्यावर, म्हणजे उंचावरच्या कातळमाळावर, आम्ही मुलांसाठी वाड्यांवर. पण त्याच काळात माझ्या ओळखीच्या, पन्नाशी उलटलेल्या, मोबाईलचा तिटकारा असलेल्या एका बाईंनी रोज रात्री एक गोष्ट आपल्या आवाजात रेकॉर्ड करून पालकांच्या ग्रुपवर टाकायला सुरुवात केली. चार-पाच मिनिटांची. व्हिडिओ नाही, अ‍ॅप नाही. आवाजाची छोटी फाईल, रेंजची एक काडी असली तरी जाते. आणि गोष्ट मालवणीत, कारण पहिलीच्या मुलांना पुस्तकी मराठी घरी कोण बोलून दाखवणार? मुलं झोपताना ती ऐकत. कुणी त्यांना सांगितलं नव्हतं, कुणी आकडेवारी मागितली नव्हती. त्यांची "मानसिकता" कोणत्या प्रशिक्षणाने बदलली? गरज त्यांची होती, निवड त्यांची होती, आणि फसलं असतं तरी जाब विचारायला कोणी नव्हतं. शाळा सुरू झाल्यावर कोणीतरी त्या उपक्रमाचा अहवाल विहित नमुन्यात मागितला. बाईंनी गोष्टी पाठवणं बंद केलं.

आता कृत्रिम बुद्धिमत्ता आली आहे आणि तीच गोष्ट पुन्हा नव्याने सुरू झाली आहे. शिक्षक ती वापरत नाहीत असं कोणी समजू नये. धडाधड वापरतात. वार्षिक नियोजन, भाषणं, अहवाल आणि सर्वात जास्त वर्णनात्मक नोंदी. प्रत्येक मुलाच्या प्रत्येक विषयात प्रगतीचं वाक्य लिहायचं, "आत्मविश्वासाने प्रश्न विचारतो," "परिसरातील उदाहरणे देतो." पूर्वी त्याच्या तयार याद्या फिरत, त्यातून उतरून काढत. आता चॅटजीपीटी लिहून देतं. पाऊणपटवाल्या मुलाच्या नोंदीत मी काय लिहिलं ते मी परवा मुद्दाम काढून पाहिलं. "भौगोलिक घटकांची माहिती सांगतो." यंत्राचं वाक्य होतं, मी नुसतं चिकटवलं होतं. लाज वाटली, आणि हसूही आलं, कारण ती नोंद वर कोणी वाचणार नाही, वाचेल तेही यंत्रच.

हेच शिक्षक, म्हणजे आम्हीच, स्टाफरूममध्ये म्हणतो की मुलांनी मात्र एआय वापरलं तर त्यांची बुद्धी गंजेल. हा नुसता दुटप्पीपणा आहे असं मला वाटत नाही. ज्या कामाला अर्थ नाही ते यंत्राला द्यावं आणि ज्याला अर्थ आहे ते मुलाने स्वतः करावं, असा एक विवेक त्यात दडलेला आहे. फक्त आम्ही तो पुढे नेत नाही. मग मुलांना दिलेल्या गृहपाठालाही अर्थ आहे का, हे तपासावं लागेल. "माझा आवडता ऋतू" या निबंधाचं मार्गदर्शकातलं उत्तर आणि यंत्राचं उत्तर यात फरक तो काय? तुमच्या वाडीत पागोळ्यांचं पाणी कुठे जातं ते लिहा म्हटलं तर यंत्राला विचारून उपयोग नाही.

घरातला मोबाईल हा तर वेगळाच विषय. असर २०२४ या शिक्षणाच्या पाहणीत ग्रामीण भागातल्या १४ ते १६ वयाच्या ८२ टक्के मुलांना स्मार्टफोन चालवता येत होता. त्यांपैकी आदल्या आठवड्यात अभ्यासाच्या कामासाठी तो वापरलेली मुलं ५७ टक्के, समाजमाध्यमांसाठी वापरलेली ७६ टक्के. शिक्षकांच्या मनातली जी भीती आहे, "हे देऊ नका, मुलं बिघडतील," ती हवेतून आलेली नाही. पण मुलांना कोणी मोठ्या माणसाने या वस्तूचा शहाणा उपयोग करून दाखवलेला नाही, ही त्याच आकड्यांची दुसरी बाजू. घरात बाबा रील बघतात, शाळेत बाई पोर्टल भरतात. मोबाईलने काहीतरी शोधलं, मोजलं, उलगडलं, असं मुलाने पाहिलंच कुठे?

मग करायचं काय? मोठ्या योजनांबद्दल बोलण्याचा माझा अधिकार नाही. पण तीन-चार गोष्टी अशा आहेत ज्यांना फारसा पैसा लागत नाही. माहिती भरण्याचं काम शिक्षकाकडून काढा. केंद्रावर एक माणूस द्या, तो दहा शाळांचं भरेल. डेडस्टॉकचा नियम शैक्षणिक साधनांसाठी सैल करा: वापरताना मोडलं तर मोडलं, कपाटात राहून खराब झालं तर मात्र जाब विचारा. (हे वाक्य मी एका बैठकीत बोलले तेव्हा हशा पिकला. मी विनोद केला नव्हता.) प्रशिक्षणात अ‍ॅपची बटणं दाखवणं थांबवा, ती आमची मुलं आम्हाला दाखवतात. त्याऐवजी दोन शिक्षकांना एकमेकांचा तास बघायला एक दिवस मोकळा द्या. आणि न वापरण्याचा अधिकार द्या. हा मला सर्वात महत्त्वाचा वाटतो. ज्याला "आज नको" म्हणता येत नाही, त्याचं "आज हवं" हेही खोटंच असतं.

दहावीच्या निकालात कोकण विभाग वर्षानुवर्षं राज्यात पहिला येतो, २०२५ लाही ९८.८२ टक्क्यांनी आला. त्याचं श्रेय कुणी कुणी घेतं. कुठल्याही पडद्याला ते जात नाही एवढं मी खात्रीने सांगते. आणि त्या निकालाचा अर्थ मुलं प्रश्न विचारायला शिकली असा होत नाही, हेही.

पाऊणपटवाला मुलगा आता आठवीत गेला आहे. पाठच्या फुगवट्याचं उत्तर मी त्याला नीट देऊ शकले नव्हते. वाचून, बघून, दोन दिवसांनी दिलं: चंद्राची ओढ जवळच्या पाण्यावर जास्त, पृथ्वीच्या मध्यावर त्याहून कमी, पलीकडच्या पाण्यावर सर्वात कमी, म्हणून पलीकडचं पाणी मागे राहतं. त्याचं समाधान झालं नाही. म्हणाला, आमच्या खाडीचं पाणी मोजून बघूया, दोन्ही भरत्या सारख्याच चढतात काय? जेटीच्या खांबावर त्याने आणि त्याच्या भावाने वीतवीत अंतरावर चुन्याने रेघा मारल्या आहेत. या शनिवारी अष्टमी आहे, भांगाचं पाणी, म्हणजे चढउतार कमी. आठची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी सहाला भरती आणि दुपारी बाराच्या सुमारास पुरी सुकती, म्हणजे ओहोटी. शनिवारची शाळा सकाळची, अकराला सुटते. तोवर माझा मोबाईल त्यांच्या घरच्या गड्याने जेटीवर दगडाच्या आडोशाला उभा करून ठेवायचं कबूल केलं आहे, दर दहा मिनिटांनी एक फोटो आपोआप निघेल असा लावून. तासातासाला कुणीतरी जाऊन पाऊस लागत नाही ना ते बघून येईल. त्या दिवशीची ऑनलाइन हजेरी कोणाच्या मोबाईलवरून लावायची, तेवढं अजून ठरलेलं नाही.